हुलग्याचा कट

'कट' हा शब्द मराठीच्या वर्गात उच्चारला की विद्यार्थ्यांच्या मनात प्रथम कारस्थान उभे राहते. कोल्हापुरात त्याच वर्गाबाहेर, मिसळीच्या कोणत्याही टेबलाशी, हाच शब्द तोंडाला पाणी आणतो. मिसळीवर ओतायचा तांबडा, तर्रीदार, पातळ रस्सा म्हणजे कट. होळीला घरोघरी पुरण शिजते तेव्हा त्याला आणखी एक अर्थ येतो : हरभऱ्याची डाळ शिजवून उपसल्यावर मागे राहिलेले पाणी, ज्याची आमटी पुरणपोळीइतकीच, आणि दुसऱ्या दिवशी तर पोळीहूनही अधिक, आवडीने ओरपली जाते. कोशात हे अर्थ एकाखाली एक गुण्यागोविंदाने नांदतात. स्वयंपाकघरात मात्र प्रत्येकाचे पातेले निराळे. शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात याखेरीज एक पातेले आहे, हुलग्याच्या कटाचे, आणि हे टिपण त्या पातेल्याविषयी आहे.

हुलगा म्हणजे कोकणातला कुळीथ. घाटाखाली त्याची पिठी होते, घाटावर शेंगोळे होतात आणि पावसाळ्यात सर्दीपडशाने घर बेजार झाले की पिठाचे ऊनऊन माडगे होते. संस्कृतात हा कुलत्थ. अन्नावर ज्या पदार्थाचा संस्कार होतो त्यावरून त्या अन्नाला विशेषण कसे मिळते हे सांगताना पाणिनीने अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात कुलत्थाचा स्वतंत्र उल्लेख केला आहे. त्या नियमाने कुलत्थ घालून सिद्ध केलेले अन्न ते 'कौलत्थ'. म्हणजे अडीच हजार वर्षांच्या आसपास हे कडधान्य व्याकरणाच्या परिचयाचे आहे. इंग्रजांनी त्याला घोड्याच्या नावाने ओळखले, आणि त्या एका नावाने त्याची समाजातली पायरी कायमची ठरवून टाकली. घोड्याचे, बैलाचे, आणि मग उरलेच तर माणसाचे, असा तो क्रम. हा क्रम पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

सीमेपलीकडच्या कन्नडमध्ये हुलग्याला हुरुळी म्हणतात. दोन्ही शब्दांचे नाते कानाला चटकन उमगते. त्याहून गंमत 'कट' या शब्दाची. शिजल्या कडधान्याच्या किंवा डाळीच्या वरच्या पाण्याला कन्नडमध्ये 'कट्टु' म्हणतात आणि होळिगेच्या, म्हणजे पोळीच्या, सणाला त्याचे जे सार होते त्याला 'कट्टिन सारु'. आपली कटाची आमटी ती हीच. कोणी कोणाकडून शब्द उसना घेतला याचा निवाडा भाषाशास्त्रज्ञ करोत. सीमाभागातल्या चुलीने दोन्ही शब्द एकाच पातेल्यात उकळवले आणि दोन्ही भाषांत वाढले, एवढे खरे.

आमच्या घरात हे पातेले आले ते जत तालुक्यातून. आईंचे माहेर तिकडचे. (आमच्या दोघांपैकी एकाच्या त्या जन्माने आई आणि दुसरीच्या लग्नाने. एक जण त्यांना 'तू' म्हणतो, दुसरी 'तुम्ही'. लिहिताना आम्ही दोघांनी मिळून आदरार्थी बहुवचन पत्करले आहे.) जत ते कोल्हापूर हे अंतर शे-सव्वाशे किलोमीटरचे; पण पावसाच्या दृष्टीने हे दोन देश आहेत. इकडे पंचगंगा, पलीकडे शाहू महाराजांनी हाती घेतलेले राधानगरीचे धरण, उसाचे मळे आणि पेठेच्या कडेला रंकाळा. तिकडे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले मुरमाड माळ, जिथे जोंधळा, बाजरी, मटकी आणि हुलगा यांच्यावाचून फारसे काही मनावर घेत नाही. आई १९७४ साली लग्न होऊन शिवाजी पेठेत आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर आलेल्या सामानात हुलग्याचे एक गाठोडे होते.

शिवाजी पेठेच्या अन्नविषयक अभिमानात हुलग्याला स्थान नव्हते, आजही फारसे नाही. ही तालमींची पेठ. इथे पौरुषाची मोजणी दुधाच्या शेरांत आणि मटणाच्या रश्श्यात होत आली. गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायचे, सणावाराला, जत्रेला तांबडा-पांढरा ओरपायचा आणि फुटबॉलच्या हंगामात सामन्याच्या गप्पांसोबत मिसळीच्या कटात पाव बुडवायचा. अशा घरात नव्या सुनेने पहिल्या पावसात हुलग्याचा कट केला, तेव्हा तिला विचारण्यात आले : "घरात कोण आजारी हाय?" आई हा प्रश्न आजही हसत सांगतात. त्या प्रश्नाने आमच्या घरात या पदार्थाची जागा मात्र नेमून दिली. तो आजारपणाचा, मुसळधार पावसाचा, आणि भाजी आणायला कपिलतीर्थ मंडईपर्यंत जाणे जिवावर आलेल्या दिवसाचा पदार्थ ठरला.

करण्याची रीत वरवर अगदी साधी आहे. पहिले काम निवडण्याचे. हुलगा जमिनीवरच्या खळ्यात मळला जातो आणि त्याच रंगाचे, त्याच आकाराचे बारीक खडे त्यात येतात. म्हणून नुसते ताटात पसरून भागत नाही. सुपात पाखडायचा, मग पाण्यात रोळायचा : भांडे हलकेच हिंदकळत दाणा वरच्या पाण्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढून घ्यायचा, जड खडे तळाशी राहतात. लक्ष्मीपुरीत आता यंत्राने निवडलेला, चकचकीत हुलगा मिळतो, तरी आई रोळल्यावाचून तो शिजायला टाकू देत नाहीत. मग एक वाटी हुलगे रात्रभर भिजत घालायचे. सकाळी ते पाणी टाकून सहा-सात वाट्या नवे पाणी, चिमूटभर हळद, आणि मंद आच. हुलग्याचे टरफल चिवट. दोन तास तरी त्याला मनवावे लागते. आम्ही कुकर वापरतो आणि सहा-सात शिट्ट्यांत उरकतो. आईंच्या मते कुकरात हुलगा शिजतो, पण पाणी 'पिकत' नाही. माहेरी हे काम चुलीच्या वैलावर, गाडग्यात, रात्रभर चालत असे.

दाणा बोटांत चिरडला की चाळणीवर ओतायचा. खाली उतरते ते दाट, काळपट तांबूस, मातीच्या पहिल्या वासाच्या जवळ जाणाऱ्या वासाचे पाणी. हाच कट. कुणी कढण म्हणतात, कुणी कळण. यानंतर घराघराचा धर्म वेगळा होतो. कोल्हापुरी पद्धतीने करायचे तर कांदा आणि सुके खोबरे भाजून, लसूण-आले-कोथिंबिरीसह वाटून घ्यायचे, फोडणीत कांदा-लसणाची चटणी परतायची, कट ओतायचा, आमसूल आणि गुळाचा खडा टाकून उकळी काढायची. आईंच्या माहेरच्या पद्धतीत खोबरे नाही, आले नाही. तेल, जिरे, ठेचलेला लसूण, सुकी मिरची, मीठ, चिंचेचे बुटुक. आणि दाटपणासाठी चमचाभर जोंधळ्याचे पीठ पाण्यात कालवून. भाकरी चुरून त्यावर हा कट घ्यायचा. तिकडच्या बोलीत भाकरीबरोबरच्या अशा ओल्या पदार्थाला 'कोरड्यास' म्हणतात. कोरड्या भाकरीला साथ देणारे ते कोरड्यास असा त्याचा सरळ उलगडा आम्ही करतो. विद्यार्थी मात्र ओल्या वस्तूचे हे कोरडे नाव ऐकून दर वर्षी हसतात.

इथपर्यंत ही पाककृती झाली. ती कोणीही लिहील. आमच्या मनात ती रुतून बसली आहे ती एका वेगळ्याच कारणाने. एकदा आम्ही सहज विचारले की चाळणीवर राहिलेल्या हुलग्यांचे माहेरी काय करत असत, उसळ? आई आश्चर्याने आमच्याकडे पाहत राहिल्या. "उसळ कशाची? दाणा बैलांचा. त्येंच्यासाठनंच तर शिजवायचं. पाणी आमचं."

चार बैल, एक विहीर, आणि तीही उन्हाळ्यात आटणारी, असे ते घर होते. नांगरटीच्या दिवसांत रोज रात्री हुलगे शिजत. सकाळी दाण्यात मूठभर पेंड आणि मीठ मिसळून घमेली गोठ्यात जात, आणि गाडग्यात राहिलेल्या पाण्याला लसणाची फोडणी बसे. म्हणजे आम्ही ज्याला इतकी वर्षे 'आईंची खास आमटी' म्हणत आलो ती बैलांच्या खाण्यातून माणसांना मिळालेली वाटणी होती. तेलुगू मुलखातल्या प्रसिद्ध 'उलवचारु'विषयीही हेच सांगितले जाते : उलवलु, म्हणजे हुलगे, जनावरांना आणि त्यांचे आटवलेले पाणी माणसांना. आज तिकडच्या हॉटेलांत त्यावर साय घालून ते बिर्याणीबरोबर वाढले जाते, आणि खाणाराला गोठ्याचा पत्ता लागत नाही.

हे ऐकल्यावर आमच्यातला मराठीचा शिक्षक जागा होणे स्वाभाविक होते. आम्ही म्हणालो, केवढे हे दारिद्र्य! माणसाने जनावराच्या दाण्याचे पाणी प्यावे! आईंना हे मुळीच पटले नाही. "दारिद्र्य कसलं त्यात? बैल खाल्ला तर रान नांगरंल. रान नांगरलं तर जोंधळा. आदी त्येनं खायाचं, मग आपुन." त्यांच्या लेखी ती अगतिकता नव्हती, ती रांग होती, आणि रांगेत कोण पुढे उभा आहे याला कारण होते. घर ज्याच्या खांद्यावर चालते त्याचा पहिला घास. त्या घरात बेंदराला बैलांना पोळी भरवल्याशिवाय कोणी जेवत नसे. जतकडे कर्नाटकी बेंदूर, इकडे कोल्हापुरात आषाढातला महाराष्ट्रीय बेंदूर. पेठेत गोठे उरले नाहीत, म्हणून आपण मातीची बैलजोडी आणून पूजतो. आई त्या मातीच्या बैलांपुढेही नैवेद्याच्या पोळीशेजारी चार शिजले हुलगे ठेवत. ते का, हे आम्हांला इतक्या वर्षांनी कळले.

दारिद्र्य कशाला म्हणायचे, हेही त्यांनीच सांगितले. १९७२चा दुष्काळ. त्या वेळी त्या सतरा वर्षांच्या होत्या. विहीर तळाला गेली, कडबा संपला आणि चारही बैल मिळेल त्या किमतीला बाजारात गेले. घरातली माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. (पुढे १९७७ साली जिचा कायदा झाला ती रोजगार हमी योजना याच कामांच्या अनुभवातून उभी राहिली.) रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळे, कामावर सुकडी मिळे. घरात कणगीच्या तळाशी थोडे हुलगे शिल्लक होते. ते शिजवले तेव्हा प्रथमच दाणाही माणसांनी खाल्ला. "त्या दिवशी पोटभर खाल्लं," आई म्हणाल्या, "आणि कुणालाच गोड लागलं न्हाई." त्यांच्या स्मरणात भुकेचा दिवस म्हणून जो कोरला गेला आहे, त्या दिवशी ताटात नेहमीपेक्षा जास्त अन्न होते. गोठा रिकामा होता, एवढेच.

ग्रामीण साहित्य शिकवताना 'गरिबांचे अन्न' हा शब्दप्रयोग उत्तरपत्रिकांत हमखास येतो. आम्हीही तो अनेकदा लाल शाईने न अडवता पुढे जाऊ दिला आहे. चूक म्हणावा असा तो नाहीच. पण आईंच्या सांगण्यानंतर तो शब्द अपुरा वाटू लागला. त्यात खाणारा एकटाच दिसतो. कागलच्या आनंद यादवांची 'गोतावळा' ही १९७१ सालची कादंबरी आम्ही त्यानंतर पुन्हा वाचली. मळ्यातल्या गड्याला, नारबाला, जनावरे हाच गोतावळा आहे. मालक ट्रॅक्टर आणतो आणि तो गोतावळा एकेक करून उठतो. आपण ती कादंबरी यंत्रयुगाच्या आगमनाची, एकटेपणाची, बोलीच्या सामर्थ्याची म्हणून शिकवतो. ते सगळे तिच्यात आहेच. पण जनावर गेले की माणसाच्या ताटाचा अर्थही बदलतो, ही गोष्ट पाठ्यपुस्तकाच्या प्रश्नोत्तरांत बसत नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली आलेल्या आपल्या पुस्तकाला 'अन्न हे अपूर्णब्रह्म' असे नाव दिले, तेव्हा त्यांनी अन्नामागचा जातीचा हिशेब उघडा केला : कोणाला काय खायला मिळाले, काय खावे लागले. आईंच्या घराची गोष्ट तशी नाही, आणि दोन्ही गोष्टी एका पंगतीला बसवणे अन्यायाचे होईल. स्वखुशीने मागे उभे राहणे आणि मागे ढकलले जाणे यांत फरक आहे. पण दोन्हीकडे पाहिल्यावर एक मात्र समजते, की ताटातल्या पदार्थाइतकाच त्याच्या वाटपाचा क्रमही वाचावा लागतो.

मध्यंतरी हुलग्याचे दिवस पालटले. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, आणि हुलगा भरडधान्य नसूनही त्याच लाटेवर दुकानांतल्या मांडणीत वर सरकला. आता तो लहान पाकिटात, पारदर्शक खिडकीतून डोकावतो. पाकिटावर प्रथिनांचा आकडा असतो, आणि तो खरा आहे : शंभर ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम. तालमीत जाणाऱ्या पेठेतल्या पोरांनीही त्याची दखल घेतली आहे. आयुर्वेदाने उष्ण म्हटलेला, मूतखड्यावर सांगितलेला हा दाणा आता 'आपला वारसा' झाला आहे. आम्हांला त्याचा राग नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला त्यातून दोन पैसे अधिक मिळत असतील तर आनंदच आहे. फक्त त्या पाकिटावरच्या मजकुरात एक गोष्ट कोणी छापत नाही, की प्रथिने बहुतांशी दाण्यात राहतात. पाण्यात उतरतो तो रंग, वास, क्षार आणि थोडेसे सत्त्व. जतच्या त्या घराला हे आकड्यांत ठाऊक नव्हते, पण व्यवहारात पक्के ठाऊक होते. म्हणून तर दाणा बैलाचा होता.

ही माहिती आमच्या घरात अचानक निकडीची होऊन बसली ती गेल्या वर्षी. आईंना घास उतरेनासा झाला. तपासण्या झाल्या, अन्ननलिका अरुंद झाल्याचे निदान झाले, उपचार झाले आणि चालूही आहेत; पण घट्ट अन्न बंद झाले. पातळ द्या, पण त्यात कस असू द्या, असे डॉक्टरांनी सांगितले. बाजारातल्या डब्यांतल्या पावडरी आणून झाल्या. आईंनी दोन घोटांत त्यांना निरोप दिला आणि मागितला तो हुलग्याचा कट. त्या दिवसापासून आमच्याकडे तो पावसाची वाट पाहत नाही. एक दिवसाआड हुलगे भिजतात. चाळणीतून आणि मग पातळ फडक्यातून गाळलेले पाणी आईंना. आणि चाळणीवरचा दाणा कांदा-चटणीत परतून आमच्या डब्यात, कॉलेजला.

पहिल्या आठवड्यातच आईंनी ही विभागणी ओळखली. आमचे डबे भरले जात असताना त्या दारात उभ्या होत्या. "दाणा तुमाला, पाणी मला," त्या म्हणाल्या, आणि घशाला त्रास होत असतानाही खळखळून हसल्या. "आता तुमी बैल." पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावरच्या, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांखाली वाकलेल्या दोन अधिव्याख्यात्यांना याहून नेमके विशेषण आजवर कोणी दिलेले नाही.

आम्हांला मात्र हसू पुरले नाही. दाण्यातला कस पाण्यात फारसा उतरत नाही हे ठाऊक असल्याने आम्ही हळूहळू त्यांच्या कटात शिजलेला हुलगा वाटून, गाळून घालू लागलो. प्रथम एक मूठ, मग दोन. मिक्सरमधून अगदी गंधासारखा बारीक करून. वजन काटा पाहत होतो. तो कधी अर्धा किलो वर, कधी एक किलो खाली. एका संध्याकाळी आईंनी दोन घोट घेतले आणि वाटी खाली ठेवली. "दाट झालंय. दाणा घातलाय व्हय?" आम्ही डॉक्टरांचे नाव पुढे केले. त्यांनी वाटी पुन्हा उचलली, सगळा कट संपवला, आणि मग शांतपणे म्हणाल्या, "बैलाच्या वाटणीचं काढू नगा. त्येला रान वढायचं असतंय."

या वाक्याला उत्तर कसे द्यावे हे आम्हांला एम. ए.च्या कोणत्याही पेपराने शिकवलेले नाही. त्यात माया होती, व्यवहार होता, आणि स्वतःला रांगेत कुठे उभे करायचे याचा त्यांनी केलेला निर्णयही होता. तो निर्णय आम्हांला मान्य नाही. ज्या रांगेचे शहाणपण आम्ही वर्गात कौतुकाने सांगू लागलो होतो, तीच रांग आपल्या घरात उभी राहिली आणि तिच्या शेवटी आपली आई दिसली, तेव्हा कौतुक थांबले. परंपरेविषयी लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या आम्हा मंडळींची ही अडचण सांगून टाकलेली बरी. बैल आणि माणूस यांच्यातली वाटणी आम्हांला सुंदर वाटते. तरुण आणि म्हातारे यांच्यातली तीच वाटणी आम्ही सोसू शकत नाही.

म्हणून सध्या आमच्याकडे हुलगे एका वाटीऐवजी दोन वाट्या भिजतात. आईंना हिशेब दाखवावा लागतो : ही वाटी बैलांची, ही तुमची. त्यांच्या वाटीतला दाणा वाटला जातो, आमच्या वाटीतला परतला जातो, आणि पाणी सगळे त्यांचे. हा तोडगा त्यांना मान्य झाला आहे, कारण यात कोणाचे काढून कोणाला दिलेले नाही. तोंडाने त्या म्हणतात, "एवढं कशापाय?" पण वाटी रिकामी होते. जतच्या घरी दुसरी वाटी नव्हती, आमच्याकडे आहे. पन्नास वर्षांत आमच्या घरात नेमके काय बदलले, असे कोणी विचारले तर आम्ही ही दुसरी वाटी दाखवू.

चाळण मात्र तीच लागते. तिच्यावरून पाणी सुटते, दाणा मागे राहतो, आणि दोन्हींचे धनी कोण हे दर वेळी नव्याने ठरवावे लागते.